सोलापुरात जेवायचं कुठे? भवानी पेठेत भाकरी थापल्याचा आवाज येईल तिथे

तुळजापूरला भवानीमातेचं दर्शन झालं. अक्कलकोटला स्वामींचं झालं. जमलं तर पंढरपूरही झालं. मग मध्ये लागलेल्या सोलापुरात काय खाल्लं? बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं : हायवेवरच्या ढाब्यावर पनीर मसाला आणि तंदुरी रोटी.

अक्कलकोट सोलापूरपासून साधारण ४० किलोमीटर, तुळजापूर ४५ आणि पंढरपूर ७५ च्या आत. तिन्ही देवस्थानांना जाणारी लाखो माणसं दरवर्षी या शहरातून जातात आणि बरीचशी सोलापूर न चाखताच परततात. यात सगळी चूक त्यांची नाही. मोबाइलवर 'सोलापूरमधील चांगलं हॉटेल' शोधलं की एसी फॅमिली रेस्टॉरंटची रांग लागते आणि त्यांचं मेनूकार्ड पुण्यात, नाशकात, नागपुरात मिळतं तेच असतं. सोलापूरचं म्हणून जे जेवण आहे ते लहान खानावळीत, भाकरी केंद्रात, घराच्या पुढच्या खोलीत शिजतं. त्याची जाहिरात फारशी होत नाही आणि पाटी असली तरी रस्त्यावरून दिसेलच असं नाही.

म्हणून इथे हॉटेलांची यादी दिलेली नाही. खानावळी उघडतात, बंद पडतात, हात बदलतात. कुठे बसायचं हे कसं ओळखावं आणि बसल्यावर काय मागावं, हे एकदा कळलं की यादी लागत नाही.

भवानी पेठच का?

जुन्या सोलापूरला वेशी होत्या. तुळजापूर वेस, बाळीवेस, विजापूर वेस, कुंभार वेस ही नावं रिक्षावाल्याच्या तोंडी आजही आहेत. तुळजापूरच्या बाजूला जी वस्ती पसरत गेली तिच्यात भवानी पेठ येते. मड्डी वस्ती, घोंगडे वस्ती, शाहीर वस्ती हे तिचेच भाग. तुळजापूर रस्त्याकडे रूपाभवानीचं मंदिर आहे. पलीकडे सुरू होतो सोलापूरकर ज्याला नुसतं 'पूर्व भाग' म्हणतात तो तेलुगू भाषक विणकरांचा इलाखा, म्हणजे चादरी आणि टॉवेलांचं सोलापूर.

थोडक्यात, ही पर्यटकांची पेठ नाही, कष्टकऱ्यांची आहे. यंत्रमागावर उभं राहणारे, हमाली करणारे, विड्या वळणाऱ्या बाया, रिक्षा चालवणारे. हाताने काम करणाऱ्याला जे जेवण लागतं ते इथे मिळतं : पोटाला आधार देणारं, तिखट, खिशाला परवडणारं आणि वेळेवर.

वेळेवर जेवण्याची ही शिस्त गिरण्यांच्या काळातली आहे. सोलापूरची पहिली कापड गिरणी, लोक जिला पुढे 'जुनी मिल' म्हणू लागले, ती १८७७ मध्ये सुरू झाली. मग नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू अशा गिरण्या आल्या. खेड्यांतून, मराठवाड्यातून, कर्नाटकातून, तेलंगणातून माणसं कामाला आली. ज्यांचं कुटुंब गावाकडे राहिलं त्यांची भूक भागवायला खानावळी उभ्या राहिल्या. गिरण्या एकेक करून बंद पडल्या, तरी ताटाचं गणित तेच राहिलं. भाकरी, एक कोरडी भाजी, एक पातळ, चटणी, कांदा. आज त्याच बाकांवर विद्यार्थी, ड्रायव्हर आणि सेल्समन बसतात.

आधी भाकरी, मग बाकी सगळं

सोलापुरी जेवणात भाकरी तोंडी लावायची वस्तू नाही, तीच जेवण आहे. भाजी, आमटी, चटणी या तिच्या तोंडी लावायच्या.

सोलापूरचा जोंधळा रब्बीचा. त्याला शाळू असंही म्हणतात. भाद्रपद-आश्विनात पेरतात, काळ्या जमिनीत मुरलेल्या ओलीवर तो वाढतो आणि कोरड्या हवेत पिकतो. दाणा भरताना पाऊस लागत नाही म्हणून तो काळा पडत नाही, मोत्यासारखा पांढरा राहतो. भाकरीही तशीच पांढरी होते. इथलं घरोघरचं नाव म्हणजे मालदांडी. याच मालदांडीतून जिल्ह्यातल्या मोहोळच्या संशोधन केंद्रावर १९३० च्या दशकात एम ३५-१ हे वाण निवडलं गेलं. जवळजवळ शतक होत आलं तरी भाकरीची चव मोजायची असली की तुलना त्याच्याशीच होते. शेजारच्या मंगळवेढ्याला तर ज्वारीचं कोठारच म्हणतात. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं.

आता कामाची गोष्ट. गव्हाच्या पिठाला चिकटपणा असतो, ज्वारीच्या पिठाला तो नसतो. त्यामुळे भाकरीचं सगळं यश ताज्या पिठात, गरम पाण्यात आणि हातात असतं. पीठ जुनं झालं की त्याची 'विरी जाते', भाकरीच्या कडा फाटतात, ती थापताना तुटते. चांगली खानावळ पीठ साठवत नाही, लागेल तसं दळून आणते. परातीत मळून लगेच थापायची, तव्यावर टाकून वरून पाण्याचा हात फिरवायचा, उलटायची आणि शेवटी थेट आरावर फुगवायची. फुगलेल्या भाकरीचा वरचा पापुद्रा अलगद सुटतो. त्यात तेल-चटणी घालून खाणारे सोलापुरात पुष्कळ आहेत आणि ते बरोबर आहेत.

म्हणून खानावळ ओळखायची ती कानाने. परातीवर थाप-थाप असा आवाज येत असेल तर आत शिरायचं. भाकऱ्या आधीच करून टोपल्यात कापडाखाली ठेवलेल्या दिसल्या, तर पाहुण्याने विचारायला हरकत नाही : "मावशी, गरम मिळेल का? थांबतो." थांबावं लागतंच. एका बाईच्या हातून एका वेळी एकच भाकरी होते. ऑर्डर दिल्यावर दोन मिनिटांत ताट आलं नाही म्हणून वाईट रेटिंग देणाऱ्यांनी हे एकदा परातीसमोर उभं राहून पाहावं.

आजकाल दाबून भाकरी करणारी यंत्रंही आली आहेत. त्या भाकऱ्या गोल, एकसारख्या आणि दिसायला सुबक असतात, पण हातच्या भाकरीचा पापुद्रा त्यांना येत नाही. कॅटररला यंत्र परवडतं. खानावळीत मात्र हातचीच मागावी.

आणि बिल पाहून दचकू नये. बऱ्याच ठिकाणी ज्वारीची भाकरी चपातीपेक्षा महाग लागते. एकेकाळचं गरिबाचं अन्न महाग कसं झालं, याचं कारण शेतात आहे. १९८० मध्ये उजनी धरण पूर्ण झालं, पाणी आलं, त्यामागून ऊस आला, आणि आज सोलापूर हा राज्यातला साखर कारखान्यांनी गजबजलेला जिल्हा आहे. ज्याच्याकडे पाणी आहे तो ऊस लावतो. ज्वारीची काढणी हाताने, मळणी कष्टाची, मजूर मिळत नाहीत. पुष्कळ शेतकरी ती दाण्याइतकीच कडब्यासाठी, म्हणजे जनावरांच्या वैरणीसाठी लावतात. त्यात २०२३ हे संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्य वर्ष म्हणून साजरं केलं आणि शहरातल्या डाएटवाल्यांनाही भाकरी आठवली. एका भाकरीच्या दरात हे सगळं धरून थापणाऱ्या हाताची मजुरीही निघायची असते. तिथे घासाघीस शोभत नाही.

कडक भाकरी आणि शेंगा चटणी

ही जोडी सोलापूरबाहेर सगळ्यात जास्त माहीत आहे आणि तिच्याबद्दल गैरसमजही तेवढेच आहेत.

कडक भाकरी म्हणजे शिळी भाकरी नव्हे. ती मुळातच पातळ थापतात, शेकून मंद आचेवर सगळा ओलावा घालवतात. पापडासारखी कुरकुरीत होते आणि कोरड्या डब्यात कित्येक दिवस टिकते. सीमेपलीकडे विजापूर-कलबुर्गीकडे हीच 'कडक रोट्टी'. लांबच्या प्रवासाला, यात्रेला, शेतावर न्यायला सोयीची. आज शहरातल्या कितीतरी बायकांचा आणि बचत गटांचा तो घरबसल्या धंदा आहे. खायची रीत अशी : दही घ्यायचं, त्यात चटणी कालवायची, कडक भाकरी मोडून त्यात बुडवायची. किंवा गरम आमटीत चुरायची. नुसती चावत बसलं तर दोष दाताचा.

शेंगा चटणीत 'शेंगा' म्हणजे शेंगदाणे. सोलापूरकडे भाजलेले दाणे, लसूण, तिखट, जिरं, मीठ एवढ्याच जिनसा. फरक कुटण्यात आहे. उखळात कुटताना दाण्याचं तेल सुटतं आणि चटणी ओलसर, गोळा होणारी बनते. मिक्सरमध्ये पात्यांनी दाणा कापला जातो आणि तिखट घातलेलं दाण्याचं कूट हाती येतं. विकत घेताना चिमूटभर बोटात दाबून बघायची. तेल बोटाला लागलं आणि चिमूट एकत्र राहिली तर घ्यायची. भुरभुरली तर पुढच्या दुकानात जायचं. रंगाला भुलू नये. लालभडक चटणी चांगलीच असेल असं नाही.

दाण्याच्या चटणीपुढे कारळ्याची आणि जवसाची चटणी मागे पडते, हा अन्याय आहे. ताटात मिळाली तर नाही म्हणू नये.

ताटात आणखी काय मागायचं?

सोलापूर मराठी, कानडी, तेलुगू आणि उर्दू अशा चार भाषांत जेवतं. खानावळीच्या फळ्यावर हे दिसतं. गरगट्टा लिहिलेला असला तर तोच घ्यावा. पालेभाज्या आणि डाळ एकत्र शिजवून घोटून केलेली ही भाजी अक्कलकोटकडची, कानडी वळणाची. अंबाडीच्या आंबट भाजीला काही घरांत 'पुंडी पल्ले' म्हणतात. तेलातलं भरलं वांगं म्हणजे कानडीतली 'एण्णेगायी'. त्याच्यासोबत पिठलं, डाळकांदा, दाण्याची आमटी, येसर आमटी. येसर म्हणजे भाजलेल्या धान्य-डाळींचं मसालेदार पीठ. घरात भाजी नसली तरी त्याची आमटी होते, म्हणून पूर्वी ते डब्यात असायचंच.

कुणी 'बाजार आमटी' सुचवली तर एक लक्षात ठेवावं. कितीतरी डाळींची ती झणझणीत आमटी मूळची करमाळा-बार्शीकडच्या आठवडी बाजारांची. शहरात मिळते, पण खरी मजा तिकडे वाटेवर, भाकरी चुरून.

गोड हवं असेल तर शेंगा पोळी. दाणे आणि गुळाचं सारण भरलेली, गार झाल्यावरही चांगली लागणारी, तूप लावून खायची. लिंगायत घरांत सणाला आणि लग्नकार्यात 'हुग्गी' होते, म्हणजे कुटलेल्या गव्हाची गुळातली खीर. हॉटेलात ती क्वचितच मिळते. कुणी घरी बोलावलं तर मात्र संकोच बाजूला ठेवावा.

सकाळी काय?

मुंबईहून रात्री निघालेली सिद्धेश्वर एक्स्प्रेस सकाळी सोलापुरात पोहोचते. तेव्हा खानावळीची चूल पेटलेली नसते. त्या वेळी खायचा तो सुशीला. नाव बाईचं, पदार्थ चुरमुऱ्यांचा : चुरमुरे भिजवून पिळायचे, कांदा-मिरचीच्या फोडणीवर परतायचे, वरून डाळव्याचं किंवा दाण्याचं कूट. पोह्यांचा लांबचा नातेवाईक, पण पोटाला हलका. कर्नाटकात तोच 'सुसला'. सोबत मिरची भजी घ्यायची.

पूर्व भागाकडे सरकलं की इडली-वड्याच्या गाड्या लागतात. तेलुगू वस्तीतल्या इडलीसोबत दाण्याची पातळ चटणी येते. ज्याला फक्त खोबऱ्याची चटणी ठाऊक आहे त्याने ती चाखावीच. संक्रांतीच्या सुमारास गेलात आणि कुणाची ओळख असेल तर 'सकिनालू' विचारा. तांदळाच्या पिठाची, तीळ घातलेली, हाताने वळून वेटोळी करून तळलेली ही तेलंगणाची खासियत इथल्या पद्मशाली घरांत आजही होते.

मटण खाणाऱ्यांसाठी

सोलापुरी मटणाचा रंग काळपट असतो. तो भाजलेल्या सुक्या खोबऱ्याचा, भाजलेल्या कांद्याचा आणि काळ्या मसाल्याचा. ताटात आधी अळणी येतं, म्हणजे मसाला न घातलेलं मटणाचं पाणी. ते सूप समजून घटाघट पिऊ नका, थोडं भाकरीसाठी राखा. मग सुक्कं आणि रस्सा. तिखट झेपत नसेल तर आधीच सांगावं. रस्सा वाढल्यावर तो कमी तिखट करता येत नाही.

'सावजी' अशी पाटी दिसली की नागपूरकर खूश होतात आणि पहिल्या घासाला गोंधळतात. नागपूरचं सावजी हलबा कोष्टी विणकरांचं. सोलापूर, हुबळी, गदग या पट्ट्यातलं सावजी सोमवंशी सहस्रार्जुन क्षत्रिय समाजाचं, ज्यांना इकडे खत्रीही म्हणतात. दोन्ही समाज विणकामातले, नाव एकच, मसाला वेगळा. कुठलं चांगलं यावर वाद घालायचा असेल तर दोन्ही शहरांत जेवून मग घालावा.

शिगेवरच्या कबाबांसाठी भवानी पेठेतून विजापूर वेशीकडे जावं लागतं. रमजानात तिथला बाजार रात्रभर जागा असतो आणि सोलापूरचं ते रूप वर्षात एकदाच दिसतं. श्रावणात उलट परिस्थिती : मटणाच्या अनेक खानावळी थंड असतात, काही बंदच ठेवतात. सोमवारी, गुरुवारी आणि एकादशीलाही आधी विचारून निघालेलं बरं.

संध्याकाळ आणि रात्र

संध्याकाळी सोलापूर पार्क चौकाकडे आणि नव्या पेठेकडे वळतं. पावभाजी, भजी, वडे, चायनीजच्या गाड्या. चार हुतात्म्यांचे पुतळे तिथेच आहेत. मार्शल लॉच्या आंदोलनानंतर १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी गेलेले मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन. तिथली पावभाजी चांगली असते, पण पावभाजी कुठेही मिळते. दोनच वेळा सोलापुरात जेवायचं असेल तर त्यातली एक वेळ तिच्यावर घालवू नये.

१० फेब्रुवारी २०२३ पासून मुंबई-सोलापूर वंदे भारत धावते. ती सोलापुरात रात्री उशिरा येते आणि तिथेच पाहुणा फसतो. भाकरीची चूल दुपारी पेटते, संध्याकाळी पुन्हा पेटते आणि रात्री लवकर विझते. त्या गाडीने येणाऱ्याने गाडीतच जेवून घ्यावं आणि दुसऱ्या दिवशी साडेबारा-एकला खानावळीत हजर व्हावं. दोनच्या पुढे भाकरी मिळते, पण भाजीचा पहिला ताजेपणा गेलेला असतो.

कधी जायचं?

डिसेंबर-जानेवारीत. तेव्हा ज्वारी हुरड्यात असते. कोवळी कणसं गोवऱ्यांच्या आरात भाजायची, हातावर चोळून दाणे काढायचे, गरम असतानाच शेंगा चटणी, दही आणि गुळासोबत खायचे. हुरडा शहरात नाही, शिवारात खायचा. सोलापूरच्या आसपास हंगामात हुरडा पार्ट्या होतात, नोंदणी करून जावं लागतं. याच दिवसांत, संक्रांतीला, ग्रामदैवत सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा भरते. गर्दी प्रचंड, पण शहर सगळ्यात जिवंत तेव्हाच.

दुसरी वेळ कोजागरीची. सोलापुरातून, आणि सोलापूरमार्गे कर्नाटक-तेलंगणातून, लाखो भाविक पायी तुळजापूरला निघतात. तुळजापूर रस्ता आणि रूपाभवानीचा परिसर माणसांनी फुलतो. वाटेवर मंडळं, व्यापारी आणि साधी कुटुंबं चहा, फराळ, जेवण मोफत वाटतात. त्या रात्री खानावळ शोधायची गरज पडत नाही. वाहनाने जाणाऱ्यांनी मात्र रस्ता चालू आहे का हे आधी तपासावं, चालणाऱ्यांसाठी वाहतूक वळवलेली असते.

घरी न्यायला

कडक भाकरी नगावर मिळते. स्टीलच्या डब्यात उभी रचून न्यावी. पिशवीत टाकली तर घरी चुरा पोहोचतो (चुराही वाया जात नाही, दह्यात घाला). चटणी घेताना भाजणी कधीची ते विचारा, उन्हाळ्यात दाण्याचं तेल लवकर खवट होतं. घरी गेल्यावर ती कोरड्या चमच्याने काढा. जमलं तर दोन किलो मालदांडी ज्वारीही घ्या, पण पीठ नव्हे, दाणे. दळण घरीच, लागेल तेवढंच.